मान वाकवली की करंट लागतो

मी जळगाव जामोदहून बोलतोय. खान्देशातलं जळगाव नाही बरं का, हे बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. बाहेरगावी दरवेळी हे सांगावंच लागतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. बसस्टँडजवळ माझं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. वय २८. दिवसातले नऊ-दहा तास मान खाली, डोळ्याला भिंग आणि हातात सोल्डरिंग. तुम्हीही आत्ता हे ऐकताना मान खाली घालून बसला असाल तर जरा वर करा. वर केली? आता सांगतो.

एरवी आपण इथे मोबाईल, नोकऱ्या, गावाकडचे धंदे यावर बोलतो. आज मी माझ्या मानेवर बोलणार आहे. विषय थोडा वैयक्तिक आहे. पण मागच्या महिन्यात दुकानात एक कॉलेजचा मुलगा आला, स्क्रीन बदलायला. फोन माझ्या हातात देताना मान वाकवली आणि एकदम "आई गं" करून सरळ झाला. मी विचारलं, "पाठीतून करंट गेला का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला कसं कळलं, भाऊ?" म्हणाला. त्या दिवशीच ठरवलं की यावर एक भाग करायचाच.

सुरुवात झाली सलूनमध्ये. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सलूनवाला माझा शाळेतला मित्र. मागचे केस कापायला त्यानं माझं डोकं पुढे दाबलं, हनुवटी छातीला टेकली, आणि मानेपासून खाली पाठीच्या कण्यातून सरळ दोन्ही पायांपर्यंत विजेचा झटका गेला. खरोखरचा करंट लागल्यासारखा. मी दुरुस्तीचं काम करतो, करंट कसा लागतो ते मला चांगलं माहिती आहे. तसाच. एक सेकंद, फार तर दोन. मी खुर्चीत उडालो, आणि त्याच्या हातातला वस्तरा कानाला लागला.

"अबे, हालला काऊन? कान कापला असता ना!"

मी म्हटलं, करंट लागला. त्यानं खुर्ची बघितली, मशीनची वायर बघितली. मशीन तर बंद होतं. पुन्हा डोकं पुढे केलं, पुन्हा झटका. मग मीच म्हटलं, मान अकडली असेल, दे एक झटका, मोड. तुम्हाला माहितीच आहे, आपल्याकडे कटिंगनंतर मान मोडून घेतल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. पण तो म्हणाला, "नाई भाऊ. मी आता कोनाचीच मान मोडत नाई. अन तुह्यं हे काही अकडल्याचं दिसत नाई. डॉक्टरले दाखव."

शाळेत माझ्यापेक्षा कमी मार्क पडायचे त्याला. पण त्या दिवशी तो शहाणा होता आणि मी गाढव. पुढचे सहा महिने मी कुठल्याच डॉक्टरला नीट दाखवलं नाही.

का नाही दाखवलं? कारण आपल्याकडे उत्तर आधीच तयार असतं. दिवसभर मान खाली घालून काम करतो ना, मग 'सर्व्हायकल' असणार. गिऱ्हाईक सांगतं सर्व्हायकल, मावशी सांगते सर्व्हायकल, मेडिकलवाला सांगतो सर्व्हायकल. एका मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणि तिच्यासोबत गॅसची गोळी सुरू झाली. मानेचा पट्टा घेतला. कोणीतरी तेल सांगितलं, ते चोळलं. गंमत म्हणजे माझी मान दुखतच नव्हती! दुखत काहीच नव्हतं. फक्त वाकवली की झटका. सरळ केली की सगळं ठीक. आणि जी गोष्ट दुखत नाही तिच्यासाठी तालुक्याच्या गावातून अकोल्याला कोण जातं?

रात्री मोबाईलवर शोधलं. तेही चुकलंच. पहिल्याच दोन-चार पानांत इतके भयंकर आजार निघाले की मी फोन उलटा करून ठेवला आणि ठरवलं, न बघितलेलं बरं. म्हणजे दिवसा 'काही नाही' आणि रात्री 'मरणार आपण', असे सहा महिने काढले.

मग हळूहळू बाकीच्या गोष्टी सुरू झाल्या. मी त्या या झटक्याशी जोडल्याच नाहीत. पायाच्या बोटांना मुंग्या. मोज्यात कापूस घालून चालतोय असं वाटायचं. सकाळी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जायचा, हात आपोआप भिंतीला जायचा. आई म्हणायची, झोप होत नसेल. मलाही तेच वाटायचं. उजेडात मी व्यवस्थित चालायचो. अंधार पडला की मात्र पाय नेमका कुठे पडतोय ते कळायचं नाही.

मार्चमध्ये एकदा लाईट गेलेली होती. दुकान बंद करून घरी आलो, आणि दारातल्या पायरीवर अडखळून पडलो. बाबा ओसरीवर बसले होते. आमचं घर माळकरी. बाबांच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकत नाही, शेगावची पायी वारी कित्येक वर्षं केलेली. घरात अंडं आलेलं मी कधी पाहिलं नाही, दारूचं तर नावच सोडा. बाबा उठले, जवळ आले आणि हळू आवाजात विचारलं, "पिऊन आला का तू?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बाबा, नाही हो. पण त्यांनी याआधीही दोन-तीनदा मला झोकांड्या खाताना बघितलं होतं. त्यांनी मनात हिशेब मांडला होता. त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवायला शेजारी बसायचे, पण भाजी आईला मागायचे. महिना-दीड महिना असाच गेला. आणि माझ्याकडे पुरावा काय होता? मला स्वतःलाच माहिती नव्हतं मी का पडतोय ते.

अक्षय्य तृतीया आली. आमच्या तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी तुम्ही बातम्यांमध्ये बघितली असेल. संध्याकाळी शेतात घट मांडतात, मधे मातीची ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, भोवती धान्यं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, सूर्य उगवताना, रात्रीतून काय हललं, काय जागेवर राहिलं ते बघून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. विश्वास ठेवा, ठेवू नका, पण शेतकरी दुरून दुरून येतात. बाबा आणि मी दरवर्षी जातो. त्या वर्षीही गेलो, न बोलता.

अजून अंधारच होता. रस्त्यावर गाडी लावून शेतातून चालायचं होतं. नांगरलेली जमीन, ढेकळं. मी चार पावलं टाकली आणि अडखळलो. बाबांनी माझा दंड धरला. मीही त्यांचा धरला. आणि तसेच आम्ही दोघं चालत राहिलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की त्यांचाही पाय चुकतोय. कोण कोणाला सांभाळतंय तेच कळत नव्हतं.

उजाडलं. घटाजवळ गर्दी झाली. मी वाकून बघायला मान खाली घातली आणि असा झटका आला की पायातला जोरच गेला, मी मटकन खाली बसलो. बाबा समोर होते. त्यांनी माझा चेहरा बघितला. पहाटेची वेळ, पोरगा रात्रभर घरी होता, तोंडाला कसला वास नाही. त्यांना काय कळायचं ते कळलं. त्या वर्षी पावसाचं काय भाकीत सांगितलं ते आम्ही ऐकलंच नाही. गाडीवर बसताना ते एवढंच म्हणाले, "उद्या अकोल्याले जाऊ."

जळगाव जामोद ते अकोला म्हणजे एसटीनं तीन तास धरा. त्या दिवशी मी प्रत्येक स्पीडब्रेकर मोजला, कारण प्रत्येक स्पीडब्रेकरला मान हलायची. डॉक्टर मॅडम मेंदू आणि मज्जातंतूंच्या तज्ज्ञ. मी पिशवीतून मानेचा एक्सरे काढला, त्यांनी तो बाजूला ठेवला. म्हणाल्या, "आधी सांगा, मान कुठल्या बाजूला वळवली की होतं?" मी म्हटलं, वळवली की नाही, पुढे वाकवली की. "कुठून कुठपर्यंत जातं?" मानेतून पाठीत, तिथून दोन्ही पायांत. "किती वेळ?" एक-दोन सेकंद. त्या हसल्या. म्हणाल्या, "अर्धं निदान तुम्हीच सांगितलंत."

मग तपासणी. मला वाटलं होतं मोठी मशीनं असतील. त्यांच्याकडे काय होतं? एक रबरी हातोडी, आणि एक चिमट्यासारखा धातूचा काटा, शाळेत फिजिक्सच्या प्रयोगात असतो ना, तो नादकाटा. तो वाजवून त्यांनी माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "थरथर जाणवते?" मला वाटलं वाजवायला विसरल्या. हातावर टेकवला तेव्हा कळलं, अरे, हा तर थरथरतोय! डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला, "वर आहे की खाली?" मी अंदाजानं सांगत होतो, निम्मे चुकले. मग पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. उभा राहिलो. "आता डोळे मिटा." मिटले आणि मी झाडासारखा डुलायला लागलो. बाबा पटकन उठून धरायला आले.

त्या परीक्षेला रॉम्बर्ग टेस्ट म्हणतात. तोल सांभाळायला शरीराला तीन ठिकाणांहून खबर लागते: डोळे, आतला कान आणि पायांतून पाठीच्या कण्यामार्गे मेंदूकडे जाणाऱ्या नसा. नसांची खबर पोचत नसली तरी डोळे सांभाळून घेतात. डोळे मिटले की पितळ उघडं पडतं. तोंड धुताना जाणारा तोल, अंधारातली पायरी, भेंडवळचं शेत, सगळं एकदम जुळलं. मॅडम बाबांकडे बघून म्हणाल्या, "याला बरेच लोक दारू प्यायलाय असं समजत असतील." बाबांनी मान खाली घातली. मी दुसरीकडे बघितलं.

आता हे नेमकं काय असतं ते सांगतो. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखा झटका जाणं, याला लेर्मीतचं चिन्ह म्हणतात. ज्याँ लेर्मीत हे फ्रेंच मज्जातंतूतज्ज्ञ. पण हे सगळ्यात आधी त्यांनी नोंदवलं नव्हतं. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, पियेर मारी आणि शातलँ या डॉक्टरांनी मार लागलेल्या रुग्णांमध्ये ते पाहिलं होतं. लेर्मीतनी १९२४ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात त्याचं वर्णन केलं आणि नाव त्यांचं लागलं. आणि ऐका, इंग्रजीत याचं दुसरं नाव काय आहे? न्हाव्याच्या खुर्चीचं लक्षण! कारण केस कापताना मान पुढे दाबली की ते जाणवतं. म्हणजे माझ्या सलूनवाल्या मित्राच्या खुर्चीत जे झालं ते पुस्तकातलं होतं.

होतं कसं? माझ्या भाषेत सांगतो. चार्जिंगची केबल बघा. आत तांब्याची तार, वरून रबराचं आवरण. केबल जिथे सारखी वाकते तिथलं आवरण फाटतं. मग सरळ ठेवली तर चार्जिंग होतं, वाकवली की ठिणगी, नाहीतर बंद. आपल्या मज्जातंतूंवरही असंच एक आवरण असतं, मायलिन म्हणतात त्याला. मानेतल्या मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला ज्या तारा असतात, स्पर्शाची, थरथरीची, पाय कुठे आहे याची खबर नेणाऱ्या, त्यांचं आवरण खराब झालं की मान वाकवल्यावर त्या ताणल्या जातात आणि भलतेच सिग्नल सोडतात. मेंदूला वाटतं, करंट लागला.

म्हणजे झटका हा आजार नाही, ती खबर आहे. 'मानेत आत काहीतरी बिघडलंय, शोधा' एवढंच ती सांगते. काय बिघडलंय त्याची यादी मोठी आहे. मणक्यांची झीज किंवा गादी सरकून मज्जारज्जू दाबला जाणं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मानेच्या मणक्याचा टीबी. गाठ. अपघातातला मार. घशाच्या किंवा मानेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतल्यावर काही महिन्यांनी काही जणांना हे होतं, आणि बऱ्याचदा आपोआप जातंही. कॅन्सरच्या काही औषधांनीही होतं. पार्टीत फुग्यातून हसायचा गॅस ओढतात, नायट्रस ऑक्साइड, त्यानं होतं. आणि एक कारण आपल्याकडे घरोघरी सापडेल असं: व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता.

माझं हेच निघालं. रक्तात २०० च्या वर असायला हवं होतं, माझं आलं ९८. एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या भागात पांढरी रेघ दिसली. दाब नव्हता, गाठ नव्हती. माझी 'सर्व्हायकल'वाली मान तशी ठीकच होती. आणि मेडिकलमधून सहा महिने जी गॅसची गोळी खाल्ली? पोटातलं आम्ल खूप काळ कमी ठेवलं तर अन्नातलं बी-१२ सुटून यायला अडचण होते. म्हणजे मी स्वतःच्या हातानं भर घातली होती.

तुम्ही म्हणाल, मोठा तरुण माणूस, घरचं खातो, पोळी-भाजी, वरण-भात, ज्वारीची भाकरी, कमी कशी पडेल? पडते. बी-१२ झाडं बनवत नाहीत, जनावरंही स्वतः बनवत नाहीत. ते फक्त जिवाणू बनवतात, आणि आपल्यापर्यंत येतं ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून. पालेभाजी कितीही खा, त्यात नाही. लागतं किती? दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मीठाच्या कणाएवढंही नाही. पण शाकाहारी घरात दूधही चहापुरतंच असेल तर तेवढंही भागत नाही. आणि लिव्हरमध्ये काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे कमतरता हळूच, गुपचूप येते.

हे फक्त माझंच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे आणि आसपासच्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी होतं. आणि सगळ्यात जास्त कमतरता कुठे? खेड्यात नाही, झोपडपट्टीत नाही, शहरातल्या मध्यमवर्गात, ८१ टक्के. त्या सगळ्यांना झटके बसत होते असं नाही. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पण पायाखालची जमीन किती पोकळ आहे ते यातून कळतं.

आता मुख्य गोष्ट. रिपोर्ट घेऊन दुसऱ्यांदा मॅडमकडे गेलो, बाबा सोबत. मॅडम मला डोसचं सांगत होत्या आणि मधेच थांबून बाबांकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "काका, चप्पल पायातून निसटते तेव्हा कळतं का तुम्हाला?"

बाबा म्हणाले, "नाई मॅडम. मांगं पाहतो तं चप्पल नसते. दोन-अडीच वर्सं झाले. वयाचं आहे म्हनलं."

"शुगरची गोळी किती वर्षं घेताय?"

"नऊ वर्सं."

ती गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. चांगली गोळी आहे, लाखो लोक घेतात, ऐकून कोणी बंद करू नका. पण वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी करू शकते, म्हणून मधून मधून तपासावं लागतं. बाबांना तो नादकाटा घोट्यावर काय, गुडघ्यावरही कळला नाही. डोळे मिटून तर ते उभेच राहू शकले नाहीत. पायांची आग, बधिरपणा, सगळं ते 'शुगरमुळे असतंच' म्हणून सहन करत होते. रक्त तपासलं, त्यांचंही कमी.

त्या दिवशी परत येताना शेगावला एसटी थांबली. बाबा उतरले, मला वाटलं पाणी आणायला. कळसाकडे बघून हात जोडले आणि परत येऊन शेजारी बसले. म्हणाले, "मी तुले नाई नाई ते बोललो." मी म्हटलं, जाऊ द्या ना बाबा. तेवढंच. आमच्याकडे यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

घरी नवा प्रश्न उभा राहिला. शेजारच्यांनी सांगितलं, आता अंडी खावीच लागतील. आईचा चेहरा उतरला. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "माळ काढायची काही गरज नाही. नसांपर्यंत पोचलेली कमतरता अंड्यानं भरून निघतही नाही, त्याला इंजेक्शनच लागतं. नंतर गोळी, दूध, दही." आणि बी-१२ चं औषध जिवाणूंपासूनच, आंबवून बनवतात, हेही सांगितलं. कॅप्सूलचं कवच मात्र कधी कधी जिलेटिनचं असतं, माळकऱ्यांनी गोळी मागून घ्यावी. आईनं त्या दिवसापासून माझ्या आणि बाबांच्या ताटात वाटीभर दह्याचा नियमच केला.

इंजेक्शनं सुरू झाली. आधी लागोपाठ, मग आठवड्याला, मग महिन्याला. औषध लाल असतं, त्यातल्या कोबाल्टमुळे. दीड महिन्यात झटके कमी झाले. चौथ्या महिन्यात एक दिवस सलूनमध्ये मित्रानं डोकं पुढे दाबलं आणि काहीच झालं नाही. त्याला म्हटलं, अजून दाब. तो म्हणाला, "येडा झाला का?" आम्ही दोघं हसत बसलो, बाकी गिऱ्हाईक बघत राहिलं.

बाबांचं तसं झालं नाही. आग कमी झाली, तोल थोडा सुधारला. पण वर्ष उलटून गेलं तरी रात्री काठी लागते. कारण साधं आहे. मी सहा महिने घालवले, त्यांनी अडीच वर्षं. आवरण फाटलेली केबल टेप लावून चालते. आतली तार तुटली की टेपनं काही होत नाही. ते अजूनही म्हणतात, तुझ्या मानेनं माझे पाय वाचवले. मी मनात म्हणतो, अर्धेच वाचवले, बाबा.

एक गोष्ट आपल्या मुंबईची. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या, हाफकिन संस्थेत काम केलं. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर त्या शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांना सापडलं, आणि पुढे त्यातून फॉलिक ॲसिड कळलं. हे का सांगतोय? कारण बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, रिपोर्ट चांगला येतो, आणि नसा आतून बिघडतच राहतात. म्हणून 'रक्तवाढीची' बाटली स्वतःच्या मनानं पिऊन समाधान मानू नका. हिमोग्लोबिन चांगलं असतानाही बी-१२ मुळे नसा बिघडू शकतात. माझं हिमोग्लोबिन १३ होतं.

आता तुमच्यासाठी कामाचं. फोनमध्ये नोट्स उघडा.

मान पुढे वाकवल्यावर पाठीतून, हातापायांतून झटका जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. दुखत नसलं तरी. एकदाच होऊन गेलं असेल तरी सांगा, सारखं होत असेल तर वाट बघू नका. जाताना लिहून न्या: कधीपासून, मान कुठल्या बाजूला केली की, कुठून कुठपर्यंत, किती सेकंद, मुंग्या आहेत का, अंधारात तोल जातो का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. गॅसची आणि शुगरची गोळी विसरू नका. एका हातातच कळ जात असेल, मान एका बाजूला वळवल्यावर, तर तो वेगळा प्रकार असू शकतो, तेही तसंच लिहा.

मान मोडून घेऊ नका. सलूनमध्ये नाही, चोळणाऱ्याकडे नाही. समजा तुमच्या मानेत गादी मज्जारज्जूवर दाबत असेल, तर एका झटक्यात कायमचं नुकसान होऊ शकतं.

तपासणीच्या आधी ताकदीचं लाल इंजेक्शन घेऊ नका. रक्तातला आकडा वर येतो आणि खरं कारण झाकलं जातं. आधी रक्त द्या, मग इंजेक्शन.

आणि या गोष्टी असतील तर त्याच दिवशी दवाखाना: पायात जोर कमी होतोय, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, हातातून वस्तू पडतात, लघवी किंवा संडासवर ताबा राहत नाही, अपघातानंतर झटके सुरू झालेत, किंवा सोबत ताप आणि वजन कमी होतंय. अपघात असेल तर मान न हलवता १०८ ला फोन. गावात तज्ज्ञ नसतील तर ग्रामीण रुग्णालयात दाखवून पुढची चिठ्ठी घ्या, ई-संजीवनीवर मोबाईलवरून सरकारी डॉक्टरशी फुकट बोलता येतं. पण हातोडी आणि नादकाटा मोबाईलमधून लागत नाही, त्यासाठी जावंच लागतं.

शेवटचं. आज घरी गेल्यावर आई-बाबांना एक प्रश्न विचारा: चप्पल पायातून निसटली तर कळतं का? उत्तर 'वयाचं आहे' असं आलं तर तिथे थांबू नका.

तो कॉलेजचा मुलगा आठवतो ना, स्क्रीन बदलायला आलेला? त्याला मी स्क्रीनचे पैसे सांगितले आणि सोबत मॅडमचा पत्ता दिला. अजून रिपोर्ट यायचाय. काय निघतं माहिती नाही, बी-१२ निघेल असं मी गृहीत धरत नाही, तुम्हीही धरू नका. पण तो गेला, हे महत्त्वाचं. सलूनवाल्याचं ऐकून मी सहा महिने घालवले, त्यानं मोबाईलवाल्याचं ऐकून तीन दिवस.

चला, आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर पुढे पाठवा, विशेषतः ज्यांच्या घरी शुगरची गोळी चालू आहे त्यांना. आणि मान वर ठेवा, मंडळी. भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी.